जवसाचा गुण आणि गवगवा

‘रोज सकाळी उपाशीपोटी एक चमचा जवस खा, तीन महिन्यांत कोलेस्टेरॉल आटोक्यात येईल, गोळ्यांची गरजच उरणार नाही.’ हा सल्ला आता इतक्या ठिकाणी ऐकू येतो, की तो मुळात कुणी आणि कशाच्या जोरावर दिला हे विचारायचेही आपण सोडून दिले आहे. आरोग्यावरच्या व्याख्यानात, योगवर्गात, काष्ठौषधींच्या दुकानात, नातेवाइकांच्या फोनवर तो सारख्याच ठामपणे दिला जातो. त्याच्या पाठोपाठ तीन विधाने ठरलेली असतात. कोलेस्टेरॉलची भीती औषध कंपन्यांनी घातली आहे. स्टॅटिनच्या गोळ्या म्हणजे रसायन, त्यांनी यकृत आणि स्नायू खराब होतात. आणि जवस नैसर्गिक आहे, त्यामुळे त्याचा अपाय नाही. माझा विरोध या सल्ल्याला आणि या तिन्ही विधानांना आहे. जवसाला नाही.

जवसाबद्दल जे खरे आहे ते आधी मान्य करू. विदर्भ-मराठवाड्यात जवस आणि इतरत्र अळशी म्हणून ओळखले जाणारे हे बी आपल्याकडे परदेशी ‘सुपरफूड’ म्हणून आलेले नाही. ते रब्बीचे आपले जुने गळिताचे पीक आहे. कढईत जवस कोरडे भाजायचे, तडतडून खमंग वास सुटला की उतरवायचे, गार झाले की लसूण, जिरे, लाल तिखट, मीठ घालून कुटायचे, आणि ज्वारीच्या भाकरीवर वरून कच्चे तेल घेऊन खायचे, हे अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. बियांत सुमारे ४० टक्के तेल असते आणि त्या तेलात निम्म्याहून अधिक वाटा अल्फा-लिनोलेनिक या ओमेगा-३ आम्लाचा असतो. शिवाय जवळपास पाव भाग तंतू.

हे तंतू काय करतात ते घरी पाहता येते. मूठभर जवस वाटीभर पाण्यात तासभर ठेवा. पाणी दाट, बुळबुळीत होते आणि चमच्याने उचलले तर त्याची तार धरते. हा विद्राव्य तंतू. आतड्यात तो पित्तातली आम्ले धरून ठेवतो आणि शौचावाटे बाहेर नेतो. पित्त तयार होते यकृतात, आणि त्याचा कच्चा माल असतो कोलेस्टेरॉल. पित्त परत आले नाही की यकृताला नवे तयार करावे लागते आणि त्यासाठी ते रक्तातले एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो ते, ओढून घेते. म्हणजे जवसाने कोलेस्टेरॉल उतरते या म्हणण्यात तथ्य आहे. त्यामागे समजण्याजोगे कारणही आहे.

पण एवढे सिद्ध झाले की सल्ला देणारे थांबतात. पुढचा प्रश्न ते विचारत नाहीत आणि ऐकणाऱ्यालाही विचारू देत नाहीत. कितीने उतरते?

या प्रश्नाला उत्तर आहे. जवसावरच्या २८ चाचण्यांचा एकत्रित आढावा २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्या चाचण्या मिळून एलडीएलमधली सरासरी घट होती डेसिलिटरमागे सुमारे ३ मिलिग्रॅम. अख्ख्या बियांच्या चाचण्या वेगळ्या काढल्या तर सुमारे ६ मिलिग्रॅम. ज्यांचे कोलेस्टेरॉल मुळात जास्त होते त्यांच्यात आणि पाळी थांबलेल्या स्त्रियांत परिणाम जरा अधिक दिसला. ट्रायग्लिसराइड आणि चांगले समजले जाणारे एचडीएल, यांच्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. आणि नुसत्या जवसाच्या तेलाने कोलेस्टेरॉल उतरल्याचे दिसले नाही.

हा आकडा एखाद्या रिपोर्टवर ठेवून पाहा. पन्नाशीच्या एका गृहस्थाचे एलडीएल १६० आले आहे. जवसाने ते १५४ होईल. ॲटोरव्हास्टॅटिनची १० मिलिग्रॅमची साधी गोळी ते ३५ ते ४० टक्क्यांनी उतरवते, म्हणजे १०० च्या आसपास आणते. स्टॅटिनच्या मोठमोठ्या चाचण्यांचा एकत्रित हिशेब सांगतो की एलडीएल ३९ मिलिग्रॅमने उतरले की हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांसारख्या मोठ्या घटना सुमारे एक पंचमांशाने कमी होतात. त्याच हिशेबाने सहा मिलिग्रॅमचे मोल तीन-चार टक्के. ते शून्य नाही. पण दोन्ही उपाय एकाच तोलाचे आहेत असे सांगणे ही त्या गृहस्थाची सरळ फसवणूक आहे.

‘पण मला गुण आला, रिपोर्ट दाखवतो,’ असे इथे कुणीतरी म्हणतेच. तो रिपोर्ट खोटा नसतो. मात्र एकाच माणसाचे रक्त काही दिवसांच्या अंतराने दोनदा तपासले तरी एलडीएलमध्ये सहा-आठ मिलिग्रॅमचा फरक सहज पडतो. एखाद्या वेळी आकडा फार वर आला असेल तर पुढच्या वेळी काही न करताही तो थोडा खाली येण्याची शक्यता जास्त असते. आणि जो माणूस घाबरून जवस सुरू करतो तो त्याच आठवड्यात भजी, फरसाण कमी करतो, चालायलाही लागतो. श्रेय मात्र एकट्या जवसाला जाते. म्हणूनच एका माणसाच्या अनुभवाला चाचणीची जागा देता येत नाही. तुलनेला दुसरा गट लागतो आणि त्यालाही तसेच दिसणारे, पण जवस नसलेले काहीतरी द्यावे लागते.

जवसाच्या बाजूने सर्वांत वजनदार पुरावा अशाच एका चाचणीतून आला आणि तो लपवायचे मला कारण नाही. कॅनडातल्या विनिपेगमध्ये पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या ११० रुग्णांना वर्षभर तपासले गेले. निम्म्यांच्या पदार्थांत रोज ३० ग्रॅम दळलेले जवस होते, निम्म्यांच्या नव्हते. सहा महिन्यांनी जवस खाणाऱ्यांचा वरचा रक्तदाब सुमारे १० अंकांनी कमी दिसला. कोलेस्टेरॉलच्या बाबतीत असे आढळले की जे आधीच कोलेस्टेरॉलची औषधे घेत होते त्यांचे एलडीएल जवसामुळे आणखी साडेआठ टक्क्यांनी उतरले. जवसाचे गोडवे गाणारे हीच चाचणी पुढे करतात, म्हणून ती नीट वाचायला हवी. रुग्ण थोडे होते, विशिष्ट आजाराचे होते, आणि त्यांची औषधे बंद केलेली नव्हती. औषधाच्या जोडीला जवस उपयोगी पडतो हे ती सांगते. औषधाच्या जागी जवस चालतो असे तिच्यात कुठेही नाही. शिवाय ३० ग्रॅम म्हणजे दळलेल्या जवसाचे चार मोठे चमचे, तेही रोज, वर्षभर. भाकरीच्या कडेला घेतलेली चिमूटभर चटणी म्हणजे ती मात्रा नव्हे.

आता बाजाराकडे पाहू. दुकानात जवसाच्या तेलाच्या कॅप्सूल मिळतात आणि त्या ‘हृदयासाठी’ म्हणून घेतल्या जातात. वर सांगितलेला बुळबुळीत तंतू तेल काढताना पेंडीत राहतो. म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारा भाग काढून टाकून उरलेला भाग कोलेस्टेरॉलच्या भीतीवर विकला जातो. माशातल्या ओमेगा-३ ची बरोबरीही ही कॅप्सूल करत नाही. माशात जी ओमेगा-३ आम्ले तयार मिळतात, त्यांच्यात जवसातल्या आम्लाचे रूपांतर आपले शरीर फार थोड्या प्रमाणात करू शकते. औषध कंपन्यांच्या नफ्यावर बोट ठेवणाऱ्यांनी या नफ्याकडेही पाहावे. स्टॅटिनची पेटंट केव्हाच संपली आहेत. जनऔषधी केंद्रात ही गोळी आज स्वस्तात मिळते आणि तिच्यावर गडगंज होण्याचे दिवस गेले.

‘कोलेस्टेरॉलची भीतीच बनावट आहे’ हे विधान अधिक घातक आहे, कारण ते एकदा पटले की माणूस तपासणीही सोडतो. या विधानाला सर्वांत स्वच्छ उत्तर औषधाच्या चाचणीतून आलेलेच नाही. अमेरिकेत जोनाथन कोहेन, हेलन हॉब्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये अशा लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला, ज्यांच्यात पीसीएसके-९ नावाचे जनुक जन्मापासून नीट काम करत नाही. त्यामुळे त्यांचे एलडीएल आयुष्यभर कमी राहते. त्यांतल्या कृष्णवर्णीय गटात एलडीएल इतरांपेक्षा २८ टक्क्यांनी कमी होते आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार ८८ टक्क्यांनी कमी. या लोकांना कुणी गोळी दिली नव्हती, काही विकले नव्हते. जन्मतः मिळालेल्या कमी एलडीएलनेच त्यांचे रक्षण केले.

अमेरिकेच्या २०१५ च्या आहार-मार्गदर्शिकेतून अन्नातल्या कोलेस्टेरॉलची दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा काढली गेली, हेही पुरावा म्हणून सांगितले जाते. ती काढली, हे खरे. कारण असे की अंड्यातून पोटात जाणाऱ्या कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त चरबीचा रक्तातल्या एलडीएलवर अधिक परिणाम होतो. संपृक्त चरबीची मर्यादा तिथे तशीच ठेवली होती. रक्तातले कोलेस्टेरॉल निरुपद्रवी आहे असे त्या मार्गदर्शिकेने कुठेही म्हटलेले नाही.

मग येते ‘नैसर्गिक’ आणि ‘केमिकल’ ही वाटणी. स्टॅटिनचा जन्म बुरशीत झाला. जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी हजारो बुरशी तपासून १९७३ मध्ये पेनिसिलियम जातीच्या एका बुरशीतून पहिले स्टॅटिन वेगळे केले. १९८७ मध्ये बाजारात आलेले लोव्हास्टॅटिनही बुरशीतलेच. चीनमध्ये शतकानुशतके खाल्ल्या जाणाऱ्या लाल आंबवलेल्या तांदळात तोच रेणू सापडतो. उलट आपल्या परसातली कण्हेर शंभर टक्के नैसर्गिक आहे आणि तिच्या विषाने हृदय बंद पडते. जवसाच्या कच्च्या बियांतही सायनाइड तयार करू शकणारी द्रव्ये थोड्या प्रमाणात असतात. भाजल्याने ती कमी होतात आणि रोजच्या खाण्यातल्या मात्रेला भिण्याचे कारण नाही, पण ‘नैसर्गिक आहे, कितीही खा’ हे म्हणणे चुकीचे आहे. पदार्थ आला कुठून यावरून तो हितकर की घातक हे ठरत नाही. मात्रा किती, परिणाम किती आणि अपाय किती, यावरून ठरते.

स्टॅटिनला अपाय नाहीत असे मी म्हणत नाही. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांत मधुमेह थोडा लवकर दिसू शकतो. स्नायूंना गंभीर इजा होते, पण क्वचित. अंगदुखीची तक्रार मात्र फार मोठी आहे आणि तिची तपासणी झाली आहे. लंडनच्या इंपिरियल कॉलेजमधल्या संशोधकांनी दुष्परिणामांमुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना काही महिने स्टॅटिन, काही महिने तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी आणि काही महिने काहीच नाही, असे आलटून पालटून दिले. निष्कर्ष २०२० मध्ये आला. स्टॅटिनच्या महिन्यांत जो त्रास झाला, त्यातला ९० टक्के त्रास औषध नसलेल्या गोळीच्या महिन्यांतही झाला होता. या लोकांचे दुखणे खोटे नव्हते. त्यामागे बऱ्याच अंशी भीती होती, आणि ती भीती ‘गोळ्या शरीर पोखरतात’ असे रोज सांगणाऱ्यांनीही पेरलेली आहे.

गोळी घेण्याने काय मिळते, तेही आकड्यात सांगायला हवे. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्कँडिनेव्हियातल्या चाचणीत हृदयविकार असलेले ४,४४४ रुग्ण होते. पाच वर्षांहून थोड्या अधिक काळात औषध नसलेल्या गोळीच्या गटात २५६ जण मरण पावले, सिम्व्हास्टॅटिनच्या गटात १८२. दोन्ही गट जवळपास सारख्या संख्येचे होते. हा ७४ माणसांचा फरक आहे. जवसाच्या एकाही चाचणीने असा फरक दाखवलेला नाही. भारतीयांना तर हा प्रश्न अधिक जवळचा आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुराष्ट्रीय अभ्यासात दक्षिण आशियातल्या निम्म्या रुग्णांना पहिला झटका ५३ वर्षांच्या आत आला होता. इतर देशांत हे वय ५९ च्या आसपास होते. अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाला गोळी सोडायला सांगणारा माणूस काय पणाला लावतो आहे, हे त्याने समजून घ्यावे.

आहाराने कोलेस्टेरॉल भरपूर उतरवता येते, हेही तितकेच खरे आहे. टोरांटोच्या डेव्हिड जेन्किन्स यांनी २००३ मध्ये ते दाखवून दिले. ४६ जणांना तीन गटांत विभागून महिनाभर पाहिले. नुसत्या कमी चरबीच्या आहाराने एलडीएल ८ टक्के उतरले. त्याच आहारात लोव्हास्टॅटिनची २० मिलिग्रॅमची गोळी घातल्यावर ३०.९ टक्के. आणि बदाम, सोयाबीनची प्रथिने, वनस्पतीतले स्टेरॉल आणि चिकट तंतू यांनी भरलेल्या आहाराने २८.६ टक्के. चिकट तंतूंसाठी त्यांनी ओट, बार्ली, इसबगोल यांच्याबरोबर भेंडी आणि वांगी वापरली होती. पण त्या लोकांना अन्न पुरवले गेले होते. २०११ मध्ये ३५१ जणांना तोच आहार स्वतः करून खायला सांगितला, तेव्हा सहा महिन्यांनी घट सुमारे १३ टक्के राहिली. तरीही ती जवसाच्या कितीतरी पट आहे.

आहारावर विश्वास ठेवणाऱ्यांनी या दोन अभ्यासांतून शिकावे. एका बीने काही साधत नाही, सगळे ताट बदलावे लागते. ‘सगळे तसेच खा, वर एक चमचा जवस घ्या’ हा सल्ला म्हणूनच आहारशास्त्राशीही बेइमानी करतो. रोजचे १० ग्रॅम इसबगोल जवसापेक्षा जास्त, सुमारे ७ टक्के एलडीएल उतरवते. ओटमधला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकान सुमारे ५ टक्के. सोयाबीन महाराष्ट्राच्या शेतांत अमाप पिकते, पण आपल्या ताटात क्वचित दिसते. मराठवाड्याची करडई मागे पडली आणि खारी, बिस्किटे, फरसाण, वड्याची कढई यांत पामतेल आले, ज्यात निम्म्याच्या आसपास संपृक्त चरबी असते. खोबरेल तेलाने इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत एलडीएल सुमारे १० मिलिग्रॅमने वाढते, असे २०२० च्या एका एकत्रित आढाव्यात दिसले. म्हणजे जवस जेवढे उतरवतो त्याहून अधिक चढवणे एका तेलाच्या निवडीने होते. स्वयंपाकाचे तेल कोणते, बाहेरचे तळण किती, आठवड्यात उसळी किती वेळा, रोजच्या जेवणात भाजी किती, हे विचारल्याशिवाय दिलेला आहाराचा सल्ला पोकळ आहे.

डॉक्टरांनाही इथे जाब विचारायला हवा. गोळी लिहून ‘तेलकट कमी करा’ एवढ्या तीन शब्दांत आहार उरकणारे दवाखाने कमी नाहीत. रुग्णाला आपल्या ताटाबद्दल बोलायचे असते. गोळी का, किती दिवस, त्रास झाला तर काय, हे समजून घ्यायचे असते. तिथे वेळ मिळाला नाही की तो वेळ देणाऱ्याकडे जातो, आणि जवसवाला भरपूर वेळ देतो. गोळी सुरू केल्यावर एक ते तीन महिन्यांत पुन्हा रक्त तपासून तिचा परिणाम रुग्णाला दाखवणे हा उपचाराचा भाग आहे. तो वगळला तर रुग्ण गोळी सोडतो आणि त्या सोडण्यात डॉक्टरांचाही वाटा असतो.

प्रत्येकाला गोळी लागतेच असेही नाही. तिशीतल्या, मधुमेह-रक्तदाब नसलेल्या, तंबाखूपासून दूर असलेल्या माणसाचे एलडीएल १३० आले, तर आधी काही महिने आहार आणि व्यायाम, मग पुन्हा तपासणी, हा शहाणपणाचा रस्ता आहे. पण ज्याला झटका किंवा पक्षाघात येऊन गेला आहे, ज्याची अँजिओप्लास्टी किंवा बायपास झाली आहे, ज्याचे एलडीएल १९० किंवा त्याहून जास्त आहे, चाळिशी ओलांडलेला जो मधुमेही आहे, त्याच्यासाठी आहार गोळीच्या जोडीला आहे. यांतल्या कुणीही डॉक्टरांशी बोलल्याशिवाय गोळी सोडू नये.

आणि जवस खायचेच असेल तर नीट खा. अख्खे बी न चावता गिळले तर बरेचसे तसेच बाहेर पडते, म्हणून भाजून कुटा. कुटलेले जवस लवकर खवट होते, कारण त्याचे तेल हवेशी चटकन संयोग पावते. चित्रकारांच्या तैलरंगात आणि क्रिकेटच्या बॅटवर ते तेल वापरतात ते याच गुणामुळे. म्हणून आठवड्यापुरतेच कुटा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. एक-दोन मोठे चमचे पोळीच्या कणकेत, ताकात, कोशिंबिरीत घाला, वर पाणी भरपूर प्या. रक्तदाब असेल तर चटणीतले मीठ बेताचे ठेवा. तंतूंमुळे औषधे शोषली जाण्यात अडथळा येऊ शकतो, म्हणून गोळ्या आणि जवस यांत तास-दोन तासांचे अंतर असू द्या. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा.

यापुढे कुणी कोलेस्टेरॉलसाठी एखादे बी, पान, काढा किंवा रस सुचवला, तर त्याला तीन प्रश्न विचारा. रोज किती ग्रॅम? एलडीएल कितीने उतरेल? आणि हे कुणाला चालेल, कुणाला चालणार नाही? हे तीन प्रश्न डॉक्टरांच्या गोळीलाही विचारा, तो तुमचा हक्क आहे. गोळीची उत्तरे अनेक दशकांच्या चाचण्यांत नोंदलेली आहेत. ज्याच्याकडे तिन्ही उत्तरे नाहीत, त्याने चटणीची कृती अवश्य सांगावी. दुसऱ्याची गोळी बंद करण्याचा अधिकार त्याला नाही.